६४० कोटी कुठं आहेत?

पत्र:

«नमस्कार काकू,

मी खानापूर तालुक्यातला. बेळगावच्या उद्यमबागेत एका मशिन शॉपमध्ये सीएनसीवर काम करतो. चार वर्षं झाली, पगारातून थोडे थोडे शेअर घेतोय. सध्या कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग करणाऱ्या एका कंपनीवर डोळा आहे. तिच्या अहवालात ‘रिझर्व्हज’ म्हणून ६४० कोटी दिसतात आणि आजच्या भावानं अख्ख्या कंपनीची किंमत होते ५२० कोटी. म्हणजे ५२० कोटीत ६४० कोटींची रोकड आणि वर कारखाना फुकट, असंच ना? आमचे मामा म्हणतात, एवढा पैसा दाबून बसलेत आणि लाभांश चिमूटभर, असली कंपनी चोर, हात लावू नको. दोघांतलं खरं कुणाचं? अहवाल इंग्रजीत, तहसीलदार कचेरीतले कागद कन्नडमध्ये आणि माझी शाळा मराठी. ‘रिटेन्ड अर्निंग्ज’ म्हणजे नेमकं काय, ते कुणी धड सांगत नाही. अहवाल सोबत पाठवतोय.

— खानापूरहून एक वाचक»

उत्तर:

भाऊ, दोघांचंही चुकलंय. तुमचं जरा जास्त.

मामांकडं नंतर येते. आधी तुमचे ६४० कोटी. ताळेबंदाला दोन बाजू असतात. एका बाजूला लिहिलेलं असतं पैसा आला कुठून: मालकांनी घातलेलं भांडवल, बँकेचं कर्ज, माल देणाऱ्यांची देणी आणि आजवर कमावून धंद्यातच राहू दिलेला नफा. दुसऱ्या बाजूला तो पैसा आज कोणत्या रूपात आहे ते: जमीन, भट्ट्या, मशिनं, गोदामातला माल, गिऱ्हाइकांकडची उधारी आणि सगळ्यात खाली कुठंतरी, बँकेतली शिल्लक. ‘रिझर्व्हज’ ही रक्कम पहिल्या बाजूची आहे. तुम्ही ती दुसऱ्या बाजूची समजलात. तुम्हीच पाठवलेल्या अहवालात त्याच ताळेबंदात मालमत्तेच्या बाजूला ‘कॅश अँड बँक बॅलन्सेस’ अशी ओळ आहे. तिथं ३१ कोटी आहेत. आणि कर्ज १८० कोटी. बँकेचं देणं भागवायलाच रोकड पुरत नाही, तुमच्या हातात काय पडणार?

हा घोटाळा तुमच्या एकट्याचा नाही. मराठी वर्तमानपत्रांनी रिझर्व्हजना ‘गंगाजळी’ हा शब्द देऊन मोठी पंचाईत केलीय. गंगाजळी म्हटलं की देवघरातलं सीलबंद तांब्याचं भांडं डोळ्यांपुढं येतं. फोडलं की पाणी हजर. कंपनीची गंगाजळी तशी नसते.

मी सत्तावीस वर्षं उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीचे हिशेब लिहिले. तिथली एक गोष्ट सांगते, आकडे सोपे करून. मालकांचे थोरले भाऊ कंपनीत निम्म्याचे हिस्सेदार, पण राहायला पुण्याला. एका वर्षी गणपतीला आले, ऑफिसात बसले, ताळेबंद उघडला आणि म्हणाले, “राखलेला नफा चाळीस लाख दिसतोय. माझे वीस द्या, फ्लॅटचं बुकिंग करायचंय.” मालक माझ्याकडं बघायला लागले. मी भावांना उठवलं आणि शेडमध्ये घेऊन गेले. सुरुवातीला दोघांनी २० लाख घातले होते, त्यातून शेड आणि भट्टी झाली होती. पुढं दहा वर्षं सरासरी पाच लाख नफा. त्यातला एक लाख दोघं वाटून घेत, चार लाख धंद्यात राही. चाळीस झाले ते असे. मी दाखवत गेले. हे व्हीएमसी मशिन, १८ लाख. हा पिग आयर्न आणि भंगाराचा ढीग, ७ लाख. हुबळी आणि कोल्हापूरच्या पार्ट्यांकडं अडकलेली उधारी दाखवता येत नव्हती, पण ती १२ लाख. आणि बँकेत ३ लाख, त्यातला शनिवारचा पगार जायचा होता. अठरा, सात, बारा, तीन. झाले चाळीस. (घसारा, म्हणजे मशिन झिजतं म्हणून दरवर्षी वजा करायची रक्कम, मी इथं मुद्दाम सोडलाय, नाहीतर गोष्ट लांबते.) भाऊ म्हणाले, “म्हणजे माझा फ्लॅट त्या मशिनमध्ये आहे?” मी म्हटलं, होय की, निम्मं मशिन तुमचंच आहे, पण ते पुण्याला नेता येत नाही.

राखून ठेवलेला नफा तो हाच. हिशेब चौथीच्या मुलाचा आहे: मागच्या वर्षाअखेरची शिल्लक, अधिक यंदाचा निव्वळ नफा, वजा वाटलेला लाभांश. कंपनी सुरू झाल्या दिवसापासून हे चालू असतं. त्यामुळं ती रक्कम म्हणजे साठवलेला पैसा नाही, धंद्यात सोडलेल्या पैशाची नोंद आहे. तोटा झाला की ती घटते, तोटे साचत गेले तर शून्याच्याही खाली जाते. खानापूरकडच्या माणसाला हे अवघड जाऊ नये. बियाण्याला राखलेलं भात रोहिणीत पेरून टाकल्यावर कणगीत हात घालून ते शोधायचं नसतं. ते शेतात आहे. उगवलं किती, ते बघायचं.

आणि उगवलं किती, हा प्रश्न तुमच्या पत्रात कुठंच नाही.

पण त्याआधी ६४० ची फोड करू, कारण ते सगळे राखलेला नफा नाहीत. अहवालात ‘अदर इक्विटी’ची टीप काढा. त्यात ७० कोटी ‘सिक्युरिटीज प्रीमियम’ आहे. कंपनीनं शेअर विकताना दर्शनी किमतीच्या वर जो भाव घेतला तो हा. हा नफा नाही, भागधारकांनीच घातलेला पैसा आहे. कायदा त्यातून लाभांश वाटू देत नाही. ११० कोटी ‘जनरल रिझर्व्ह’. हा मात्र जुना नफाच, नाव वेगळं. १९५६ च्या कंपनी कायद्यात लाभांश जाहीर करण्याआधी नफ्याचा काही हिस्सा तिकडं वळवावा लागे. २०१३ च्या कायद्यानं ती सक्ती काढली, म्हणून जुन्या कंपन्यांच्या ताळेबंदात ही रक्कम वर्षानुवर्षं तशीच बसलेली दिसते. उरलेले ४६० कोटी ‘रिटेन्ड अर्निंग्ज’. तुमच्या कामाचा आकडा शेवटच्या दोघांची बेरीज, ५७० कोटी.

त्यातही एक खोच आहे, ती फारसं कुणी बघत नाही. मोठ्या कंपन्या १ एप्रिल २०१६ पासून आणि शेअर बाजारात नोंदलेल्या बाकीच्या बहुतेक कंपन्या वर्षभरानं ‘इंड एएस’ या नव्या हिशेब पद्धतीवर आल्या. त्या वळणावर जुन्या जमिनी बाजारभावानं मांडायची एकवेळची मुभा होती, आणि वाढलेला फरक काहींच्या राखलेल्या नफ्यात जाऊन बसला. आपल्याच उद्यमबागेत ज्यांनी कधीकाळी स्वस्तात प्लॉट घेतले त्यांचं बघा. त्यांनी एकही कास्टिंग जास्त ओतलं नाही, तरी कागदावर श्रीमंत. म्हणून २०१६-१७ किंवा २०१७-१८ मध्ये ही रक्कम नफ्याच्या मानानं एकदम उडी मारताना दिसली तर त्या वर्षाच्या टिपा वाचा. तुमच्या कंपनीत तशी उडी नाही. मी बघितली.

आता उगवण. दहा वर्षांपूर्वी जनरल रिझर्व्ह आणि रिटेन्ड अर्निंग्ज मिळून १७० कोटी होते, आज ५७०. म्हणजे दहा वर्षांत भागधारकांचे ४०० कोटी कंपनीनं ठेवून घेतले. तेव्हा वर्षाचा निव्वळ नफा होता ५० कोटी, आज आहे ५८. चारशे कोटी पेरून वर्षाला आठ कोटी जादा. शंभराला दोन. हेच पैसे बँकेत मुदत ठेवीत टाकले असते तर कर कापूनही दुपटीहून जास्त मिळालं असतं, आणि त्यासाठी ना मॅनेजिंग डायरेक्टर लागला असता ना त्याची गाडी. दहा वर्षांत ५० चे ५८ होणं म्हणजे महागाई धरली तर नफा घटलाच. मिठाईच्या दुकानात कुंद्याचा किलोचा भाव तेव्हा काय होता नि आज काय आहे, ते मी तुम्हाला सांगायला नको.

अमेरिकेतले नावाजलेले गुंतवणूकदार वॉरन बफे यांनी भागधारकांना १९८३ सालच्या वार्षिक पत्रात यासाठी एक साधी कसोटी सांगितली होती. ठेवून घेतलेल्या प्रत्येक डॉलरमागं बाजारातली किंमत निदान एक डॉलरनं वाढली पाहिजे, नाहीतर तो डॉलर मालकाला परत द्यावा. एखाद्या वर्षावरून नव्हे, बऱ्याच वर्षांचं मिळून बघायचं. तुमच्या कंपनीची बाजारातली किंमत दहा वर्षांपूर्वी ४१० कोटी होती, आज ५२०. चारशे ठेवले, एकशे दहा वाढले. रुपयाला साडेसत्तावीस पैसे. दुसऱ्या एखाद्या कंपनीनं तेवढेच चारशे कोटी ठेवून नफा ५० वरून ११८ वर नेला असता, तर शंभराला सतरा पडले असते. तिचा ताळेबंद वरवर पाहिला तर या कंपनीसारखाच दिसेल. रिझर्व्हज तितकेच, शब्दही तेच.

इथं कंपनीची बाजूही सांगायला पाहिजे, नाहीतर मी फक्त कॅल्क्युलेटर घेऊन बसलेली बाई ठरेन. कास्टिंगचा धंदा ट्रॅक्टर, ट्रक आणि पंपांच्या मागणीवर वरखाली होतो. आजचं वर्ष पडीचं आणि दहा वर्षांपूर्वीचं तेजीचं असेल तर माझा हिशेब अन्याय करतो. म्हणून पहिल्या तीन वर्षांची सरासरी आणि शेवटच्या तीन वर्षांची सरासरी ताडून बघा. (मी बघितली. अडीच टक्क्यांवर जात नाही.) दुसरं, या धंद्यात जागच्या जागी उभं राहायलाही पैसा लागतो. कोळशावरच्या क्युपोला भट्ट्या जाऊन विजेवरच्या इंडक्शन फर्नेस आल्या तेव्हाचे हाल मी जवळून बघितलेत. जुन्या मशिनचा घसारा धरताना तुम्ही जुनी किंमत धरता, नवं मशिन घेताना दुकानदार आजची किंमत मागतो. मधला फरक राखलेल्या नफ्यातूनच भरावा लागतो. तेव्हा अशा कंपनीच्या नफ्यातला काही भाग खरं म्हणजे नफा नसतोच, तो पुढच्या भट्टीचा आगाऊ हप्ता असतो. हे धरूनही शंभराला दोन फार कमी. आणि तसला धंदा असेल तर गुंतवणूकदारानं त्याला जादा भाव कशाला द्यावा?

चारशे कोटी गेले कुठं, हे मात्र मला छळत होतं, म्हणून दोन रात्री तुमच्या अहवालावर घातल्या. कारखाना, मशिनं यांत थोडी भर आहे. पण गिऱ्हाइकांकडची येणी ६० कोटींवरून २१० कोटींवर गेलीत. साडेतीनपट. विक्री याच काळात दीडपट झालीय. याचा अर्थ एकतर कंपनी माल खपवायला उधारीची मुदत लांबवत चाललीय, किंवा जुनी उधारी बुडाली आहे आणि कुणी मान्य करत नाही. मशिन शॉपमध्ये काम करता, ‘पुढच्या महिन्यात बघू’ म्हणणाऱ्या पार्ट्या तुम्हाला माहीत असतील. त्याशिवाय ‘रिलेटेड पार्टी’च्या, म्हणजे नात्यागोत्यातल्या व्यवहारांच्या टिपेत ९५ कोटींचं कर्ज आहे, प्रवर्तकांच्याच, म्हणजे ही कंपनी ज्यांच्या ताब्यात आहे त्यांच्याच दुसऱ्या कंपनीला दिलेलं. ती कंपनी बांधकामाच्या धंद्यात आहे. कास्टिंगच्या भागधारकांचा नफा बांधकामात का, याचं उत्तर अहवालात कुठं मिळालं नाही.

यावरून लगेच लबाडी धरू नका. पण एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: नफा खोटा लिहिला की दुसऱ्या बाजूला काहीतरी खोटं मांडावंच लागतं, कारण ताळेबंद जुळवावा लागतो. खोटा नफा दरवर्षी राखलेल्या नफ्यात साचतो आणि त्याच्या जोडीला खोटी मालमत्ताही साचते. ७ जानेवारी २००९ ला सत्यम या हैदराबादच्या सॉफ्टवेअर कंपनीचे अध्यक्ष रामलिंग राजू यांनी पत्र लिहून कबुली दिली, तेव्हा वह्यांत दाखवलेल्या ५,३६१ कोटी रोख व बँक शिलकेपैकी ५,०४० कोटी अस्तित्वातच नव्हते. तिथं खोटं रोकडीत दडवलं होतं, जिथं कुणी संशय घेत नाही. बहुतेक ठिकाणी ते उधारीत आणि मालसाठ्यात दडतं. म्हणून रोख प्रवाहाचं पत्रक काढा, दहा वर्षांची ‘कॅश फ्रॉम ऑपरेशन्स’ बेरजेला घ्या आणि दहा वर्षांच्या नफ्याच्या बेरजेशेजारी ठेवा. घसारा नफ्यातून वजा होतो पण खिशातून जात नाही, म्हणून चांगल्या कंपनीत रोकड नफ्यापेक्षा सहसा जास्तच निघते. तुमच्या कंपनीचा दहा वर्षांचा नफा ५४० कोटी, धंद्यातून हातात आलेली रोकड ३३०. नफ्याहून दोनशे दहा कोटी कमी. त्यातले दीडशे तर वाढलेल्या उधारीतच सापडतात.

आता मामा. त्यांचं म्हणणं की लाभांश चिमूटभर देते ती कंपनी चोर. ५४० मधून १४० वाटले, म्हणजे रुपयातले सव्वीस पैसे. चिमूटभर म्हणता येणार नाही, पण जाऊ दे. मुद्दा असा की ठेवून घेणं ही चोरी नाही. बफे यांच्या बर्कशायर हॅथवेनं त्यांच्या ताब्यात आल्यापासून एकदाच, १९६७ मध्ये, लाभांश दिला. आपल्याकडं डी-मार्ट चालवणारी कंपनी २०१७ ला बाजारात आली, तिनंही नफा दुकानं वाढवण्यातच घातला. उलट टीसीएससारखी कंपनी कमाईचा मोठा वाटा लाभांश आणि बायबॅकनं (भागधारकांकडून स्वतःचेच शेअर विकत घेऊन) परत देत आलीय, कारण सॉफ्टवेअरच्या धंद्याला भट्टी लागत नाही. दोन्ही बरोबर. आणि १ एप्रिल २०२० पासून लाभांशावरचा कर कंपनी नाही, आपण भरतो, आपापल्या टप्प्यानं. तीस टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाला रुपयाचे सुमारे सत्तर पैसेच हाती येतात. तो रुपया धंद्यात राहून सतरा टक्क्यांनी वाढत असेल तर मामांनी तो मागूच नये. दोन टक्क्यांनी वाढत असेल तर मात्र सत्तर पैसेही आनंदानं घ्यावेत. त्या अर्थी या कंपनीबाबत मामा बरोबर निघाले, फक्त कारण चुकीचं. लाभांशाची एक बाजू मला जुन्या हिशेबनीस म्हणून आवडते: तो बँकेतून खरा द्यावा लागतो. कर्ज न काढता वर्षानुवर्षं लाभांश देणाऱ्या कंपनीचा नफा कागदी असण्याची शक्यता कमी.

मामांना बोनस शेअर फार आवडत असणार, मामालोकांना आवडतातच. त्यांना सांगा, बोनसच्या वेळी रिझर्व्हजमधली रक्कम उचलून भागभांडवलाच्या खात्यात लिहितात, एवढंच. बाहेरून एक पैसा येत नाही, बाहेर एक पैसा जात नाही. भाकरीचे चार तुकडे केले म्हणून पीठ वाढत नाही.

शेवटी तुमचा भाव. भागभांडवल २० आणि रिझर्व्हज ६४० मिळून ६६० कोटी, आणि बाजार सगळ्याचे ५२० देतोय. तुम्हाला वाटलं बाजार वेडा आहे. मला वाटतं बाजारानं उधारी आणि ते ९५ कोटी आधीच निम्मेशिम्मे बुडीत धरलेत. बाजार चुकूही शकतो. उधारी वसूल झाली, कर्ज परत आलं तर हा शेअर खरंच स्वस्त ठरेल. पण मग तुम्ही पैज लावताय ती प्रवर्तकांच्या स्वभावावर, गंगाजळीवर नाही. मी सेबीची, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेची, नोंदणीकृत सल्लागार नाही, घ्या किंवा विका असं सांगणं माझं काम नाही. माझे स्वतःचे पैसे असते तर मी थांबले असते, एवढं सांगते.

थांबताना एकच शेअर घेऊन ठेवा. एका शेअरवालाही भागधारकच. वार्षिक सभा दर वर्षी सप्टेंबरअखेरपर्यंत होते. हल्ली बऱ्याच कंपन्या ती मोबाइलवर दाखवतात, सूचना ईमेलवर येते आणि बोलायचं असेल तर आधी नाव नोंदवावं लागतं. शिफ्ट असेल तर प्रश्न लेखी पाठवा. ९५ कोटींवर व्याज किती मिळतं आणि ते प्रत्यक्ष जमा होतं का? परतीची तारीख काय? सहा महिन्यांपेक्षा जुनी येणी किती, आणि त्यातल्या किती पार्ट्या प्रवर्तकांच्या नात्यातल्या? बाजारमूल्यानं पहिल्या हजारातल्या कंपन्यांना सेबीच्या नियमानुसार लाभांश धोरण वेबसाइटवर ठेवावं लागतं. तुमची ५२० कोटींची कंपनी त्यात बहुधा बसत नाही, तरी शोधून बघा. सापडलं तर तेही वाचून घ्या, नफा कशासाठी ठेवणार ते त्यात लिहिलेलं असतं. इंग्रजी अडलं तर प्रश्न मराठीत लिहून मला पाठवा, मी करून देईन. उत्तर काय आलं ते कळवा. आणि मामांनाही वाचून दाखवा.